निवट्यांची साक्ष

कारखान्यात माझ्याकडं मासे सांभाळायचं काम होतं. हे मी गावाकडं सांगितलं तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही. कापड रंगवायच्या कारखान्यात मासे कशाला, असं थोरल्या भावानं विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. आज लिहायला बसलोय तरी पुरतं सांगता येईल असं नाही.

भिवंडीत कापड लूमवर निघतं, पण निघतं ते मळकट, कोरं. त्याला रंग द्यायचा तर पाणी लागतं, आणि पुष्कळ लागतं. कापडाला जेवढा रंग लागायचा तेवढा लागतो, उरलेला पाण्याबरोबर नाल्यात, आणि नाला खाडीला. पूर्वी ते सरळ जायचं. मग कायदा आला आणि कारखाना नि नाला यांच्यामध्ये पाणी साफ करायचा प्लँट आला. ईटीपी म्हणायचे त्याला. एका हौदात रंगाचं पाणी यायचं. त्यात चुना नि तुरटी टाकून गाळ खाली बसवायचा. पुढच्या हौदात ब्लोअरनं हवा सोडायची. शेवटी जे निघेल ते एका उघड्या टाकीतून नाल्यात. त्या शेवटच्या टाकीत मासे होते, मोठे काळे मिशीवाले मांगूर. तपासणीला कुणी आलं की त्यांना तिथं उभं करायचं आणि म्हणायचं, बघा, मासे जगतात.

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीतच सुटली. भिवंडीत आधी लूमवर होतो, पण कापसाच्या तुसानं दम लागायला लागला आणि ते काम सुटलं. चहाच्या टपरीवर खोकत बसलो होतो, तेव्हा या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी हटकलं.

"कागदाच्या पट्टीचा रंग डबीवरच्या रंगाशी जुळवून बघता येईल?"

"येईल की."

"फिर तू ऑपरेटर," म्हणाले, आणि माझ्या चहाचे पैसे देऊन पुढं चालायला लागले. मी ग्लास तसाच ठेवून मागं धावलो. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही, आणि पुढं जे झालं ते कळायला अवघड गेलं त्याचं एक कारण हेच.

दुसरे उपकार माझ्या घरमालकिणीचे, मावशीचे. खाडीकडेच्या गावात तिची चाळ होती, ओळीनं काही खोल्या, त्यातली शेवटची माझी. तिच्या दिरांच्या जमिनींवर दापोड्याला गोदामं उभी राहिली होती आणि दीर मोटारीतून फिरत होते. हिच्या वाट्याला आली खाडीकडची पट्टी. पन्नाशी उलटली होती तरी ओहोटी लागली की टोपली घेऊन चिखलात उतरायची. मला सगळ्यांसमोर 'घाटी' म्हणायची आणि सगळ्यांआधी जेवायला हाक मारायची.

"ए घाटी, भात जास्त झालाय. खाऊन टाक, न्हायतर कोंबड्यांना जाईल."

भात रोजच जास्त व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर बायकोला आणि मुलीला घेऊन यायचं ठरलं होतं. मुलगी चालायला लागली होती आणि मी तिला चालताना पाहिलं नव्हतं. त्यांना आणायला दोनच गोष्टी लागत होत्या, नोकरी आणि खोली. नोकरी मॅनेजरसाहेबांच्या हातात, खोली मावशीच्या. आणि गणपती उठल्यावर मावशीनं आमच्या कारखान्याविरुद्ध प्रदूषण मंडळाकडं अर्ज केला.

मला हे गावातल्या किराणा दुकानात कळलं. दुकानदार म्हणाला, "तुझी मालकीण तुझ्याच कारखान्याला टाळा लावायला निघाली, आणि तू तिथून साबण नेतोस." मी साबण तिथंच विसरून घरी आलो. मावशी ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत होती.

"मावशी, अर्ज केला?"

"केला."

"मग मी खोली सोडू का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला शाळेतले मास्तर आठवले. "मी काय तुज्यावर अर्ज न्हाय केला. पान्यावर केलाय. साबन कुठं हाय?"

एवढ्यावर मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ते पाणी सोडणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सांगायची वेळ आली नाही, त्यांना माहीत होतं. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण भिवंडीत तीन पिढ्या झालेल्या. मराठी आमच्यापेक्षा भराभर बोलायचे. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून चहा मागवला आणि कायद्याची सगळी कुंडलीच मांडली.

"माझे वडील रंगाई करायचे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. नाल्याचा रंग बघून लोक ओळखायचे, आज बाजारात कुठल्या साडीला मागणी आहे. मग सत्तरनंतर पाण्याचा कायदा आला. वडील हसले. म्हणाले, पाण्याला कायदा, मग हवेलाही करा. तर काही वर्षांनी हवेचाही आला." ते स्वतःच हसले. "मग भोपाळला गॅस सुटला. इतकी माणसं गेली. त्याच्यानंतर सरकारनं सगळ्यांवर एक मोठा कायदा घातला. त्याला छत्री म्हणतात, छत्री कायदा. आणि त्याच्यावर कोर्टं. कोर्ट म्हणालं, स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा हा माणसाच्या जगण्याचाच हक्क आहे. कुणीही साध्या माणसानं तक्रार केली तरी ऐकायची. घाण करील त्यानंच भरून द्यायचं."

"मग आपण घाण करतो का, साहेब?"

"आपल्याकडे संमती आहे." भिंतीवर फ्रेममध्ये लावलेल्या कागदाकडं त्यांनी बोट केलं. "मंडळाची. इतकं पाणी, इतकं साफ करून सोडायला. संमती असेल तर घाण नाही. संमती नसेल तर तेच पाणी घाण."

मी मान हलवली. चहा गार झाला होता. मला वाटत होतं की कायदा म्हणजे चोरी करू नये यासारखी एक गोष्ट असते, एकदाच सांगितलेली. हा तर एकावर एक माळे चढवलेल्या इमारतीसारखा निघाला, आणि मी कितव्या माळ्यावर उभा आहे तेच कळेना.

संध्याकाळी हे सगळं मी मावशीला जमेल तसं सांगितलं. पाणी, हवा, भोपाळ, छत्री, कोर्ट. ती वालाच्या शेंगा सोलत ऐकत होती. संमतीपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

"माज्या खाडीत पानी सोडायला संमती दिली कोनी?"

"मंडळानं."

"मना तर कोनी इचारला न्हाय." मग पुन्हा सोलायला लागली. "आमचा बी कायदा व्हता. नारली पुनवेपर्यंत खाडीत जाला टाकायचा न्हाय, माशाच्या पोटात अंडी असतात. शेराच्या झाडाचा इषारी चीक पान्यात सोडून कोनी मासा मारला, तर गाव त्याच्या घरचा पानी पीत न्हवता. त्याची बायको रडत यायची, चुकला म्हनायची, मग पानी चालू."

"मग आता तसं का करत नाही?"

"तुजा कारखाना काय गावात राहतो? त्याच्या घरचा पानी पिऊ नको म्हनून सांगू कोनाला?"

ती सहज बोलली. माझ्यावर रोख नव्हता. पण मी त्याच दिवशी त्या घरचा चहा पिऊन आलो होतो, आणि आता हिच्या घरचा भात खात होतो. भात गिळताना मला दोन्हीकडचं वाईट वाटत होतं, आणि कुणाचं चूक ते ठरत नव्हतं.

आता लाइटचं सांगायला पाहिजे. त्या वर्षांत भिवंडीत भारनियमन फार. आमच्या भागात रोज दुपारी जेवणानंतर लाइट जायची ती उन्हं कलल्यावर यायची. कारखान्यात जनरेटर होता, त्यावर रंगाईची मशीनं चालायची. ब्लोअर चालायचा नाही, तेवढा भार जनरेटर घेत नव्हता. म्हणजे दुपारभर रंगाचं पाणी येत राहायचं, हौद भरून वरून वाहायचा, आणि पाणी टाकीच्या बाजूनं सरळ नाल्यात. मी एकदा हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "लाइटवाल्यांना सांग. त्यांनी लाइट दिली तर मी दिवसभर ब्लोअर चालवतो." तेही मला पटलं होतं. मला त्या काळात सगळ्यांचंच पटायचं.

तपासणीला मंडळाचे साहेब येणार म्हणून आम्ही सकाळपासून टाकी घासत होतो. आल्या त्या मॅडम. तिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात बूट. मॅनेजरसाहेबांनी आधी ऑफिसात बसायचा आग्रह केला, तो त्यांनी मोडला आणि सरळ प्लँटवर आल्या. ब्लोअर घरघरत होता, पाणी बऱ्यापैकी नितळ दिसत होतं. मी पाणी तपासायची पट्टी बुडवून दाखवली. रंग जुळला. मॅनेजरसाहेब टाकीकडं हात करून म्हणाले, "मॅडम, मासे बघा. किती खूश आहेत."

मॅडम वाकल्या. "हे परदेशी मांगूर आहेत. हे गटारातही जगतात. आणि यांना पाळायला बंदी आहे, माहीत आहे का?"

"पाण्याच्या कायद्यात?"

"नाही, तो वेगळा. मत्स्यखात्याचा."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मासे मीच गावाहून आणले होते. "सांभाळतो हा," म्हणाले.

एवढ्यात फाटकावर आरडाओरडा झाला. वॉचमन हिंदीत अडवत होता आणि मावशी तिच्या भाषेत त्याच्या अंगावरून आत येत होती. लुगड्याचा काचा गुडघ्यापर्यंत वर, पायाला चिखल, हातात पाण्याची बादली. अर्जदार म्हणून तपासणीचं तिला कळवलेलं होतं.

"ही कोण?" मॅनेजरसाहेब मला विचारत होते, आणि मावशी मॅडमना विचारत होती, "साहेब कुठं हाय?"

"मीच आहे, मावशी."

"तू? बरा झाला. बाईला पान्याचा कलतो." तिनं बादली खाली ठेवली. "यांनी आपले मासे दाखवले का? आता माजे सोड यांच्या पान्यात. खाडीचे हायत. जगतात का बघ."

मॅडम हसल्या. म्हणाल्या की कायद्यात माशाची परीक्षा आहे खरी, पण ती प्रयोगशाळेत, ठरलेल्या माशांवर, काही दिवस चालते. अशी बादलीतून होत नाही. मावशी म्हणाली, "तू तुजी लिही, मी माजी बघते." आणि कुणी काही म्हणायच्या आत बादली टाकीत उपडी केली.

निवट्या होत्या. चिखलात राहतात त्या, डोळे डोक्यावर असलेल्या, पुढच्या पंखांवर फरफटत चालणाऱ्या. पाण्यात पडल्या, क्षणभर दिसेनाशा झाल्या, आणि मग एकेक करून टाकीच्या भिंतीवर चढून काठावर येऊन बसल्या. ऐटीत. आमच्याकडं डोळे फिरवून बघायला लागल्या. एकदेखील मेली नाही.

वॉचमन पहिल्यांदा हसला. मग कामगार. मॅनेजरसाहेबांना तर देव भेटल्यासारखं झालं. "मावशी, तुमचे मासे तर इथंच राहायला आले. आता यांना रेशनकार्ड काढून देऊ?"

 मावशी त्या निवट्यांकडं बघत होती आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन हळू विचारलं, "मावशी, निवटी कुठंही जगते. तुम्हीच सांगता. बोय मासा आणायचा ना, नाहीतर कोळंबी."

"बोय हाय कुठं?" ती हळू बोलली नाही. "सकालपासून चिखलात हाय मी. खाडीच्या दुसऱ्या मुखाला पन जाऊन आली. हेच गावला. दुसरा काय हाय खाडीत?"

हसणं हळूहळू थांबलं. मॅडमनी पिशवीत परत ठेवायला घेतलेली नमुन्याची बाटली पुन्हा बाहेर काढली.

"आधी काय काय मिळायचं?"

मावशीनं नावं घ्यायला सुरुवात केली. बोय, जिताडा, चिवणी, खरबी, करपाली, कोळंबी, चिंबोऱ्या. कुठला कुठल्या महिन्यात, कुठल्या वळणावर, भरतीला की ओहोटीला. मॅडम मधेमधे विचारत होत्या, नाला खाडीला कुठं मिळतो, त्याच्या वर काय आहे, खाली काय आहे. मावशी टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि चिखलानं माखलेल्या बोटानं सिमेंटवर खाडी काढायला लागली. मॅनेजरसाहेब पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. "मॅडम, जेवण तयार आहे. ऑफिसात बसून बोलू." मला घड्याळ बघायची गरज नव्हती. उन्हाची सावली कुठल्या पायरीवर आली की लाइट जाते ते मला पाठ होतं. सावली त्या पायरीवर येत होती. बायको, मुलगी, तिची नुकती चालायला लागलेली पावलं. मावशीनं बोलणं थांबवावं असं वाटत होतं आणि थांबवू नये असंही.

लाइट गेली.

ब्लोअर एकदम गप्प झाला. मग पलीकडं जनरेटर धडधडला, आत मशीनं फिरायला लागली. आम्ही सगळे तिथंच उभे. थोड्या वेळानं हौद काठोकाठ भरला आणि टाकीच्या बाजूनं पाण्याचा पट्टा खाली उतरला. त्या दिवशी गडद निळा रंग चालू होता. काठावरच्या निवट्या त्या निळ्याकडं बघून जराशा वर सरकल्या.

मॅडमनी बाटली भरली. मग माझ्याकडं वळल्या. "ऑपरेटर तुम्हीच ना? हे रोज होतं?"

मी मॅनेजरसाहेबांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मी मावशीकडं बघितलं. ती पदरानं बोटाचा चिखल पुसत होती, माझ्याकडं बघायचं टाळत होती. मला वाटतं माझ्यासाठीच टाळत होती.

"लाइट रोज जाते, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी खरं बोललो की पळवाट काढली, ते मला त्या वेळी कळलं नाही.

काही आठवड्यांनी बंदचा हुकूम आला आणि कारखान्याची लाइट आणि पाणी तोडलं. इथं मी पुरता गोंधळलो. लाइट नव्हती म्हणून गुन्हा झाला, आणि शिक्षा काय, तर लाइटच तोडली. मॅनेजरसाहेबांना मी तसं बोलून दाखवलं. मला वाटलं रागावतील, निदान मॅडमना मी दिलेलं उत्तर उकरून काढतील. ते म्हणाले, "कायदा असाच आहे, बेटा. तो मशीनला शिव्या देत नाही, प्लग काढतो." मग सगळ्यांना घरी पाठवून मला म्हणाले, "तू ये रोज. चालू होईल तेव्हा प्लँटला माणूस लागेल. शिकलेला मिळतो, टिकलेला मिळत नाही."

तरी मला धीर नव्हता. किराणा दुकानातल्या पीसीओवरून बायकोला सांगितलं, आत्ता नको येऊ, इथलं काही खरं नाही.  मागं मुलगी काहीतरी बडबडत होती. फोन ठेवून वळलो तर मावशी दुकानात उभी, हातात खोबऱ्याची वाटी.

"बायकोला नको कशाला सांगतस?"

"कारखाना बंद आहे, मावशी."

"खोली काय कारखान्याची हाय? गावातले मना बोलतात, त्याला काढ, तो त्यांचा मानूस. मी सांगितला, तो माजा भाडोत्री. त्यांचा मानूस सकाली, माजा मानूस संध्याकाली. बोलव तिला."

मी पुन्हा फोन लावला. ज्या बाईच्या अर्जामुळं माझं काम बंद पडलं तिच्याच भरवशावर मी बायकोला 'ये' म्हणत होतो, आणि ज्या साहेबांच्या पाण्यानं तिची खाडी गेली तेच मला उद्यासाठी थांबवून ठेवत होते. दोघांचंही मी देणं लागतो असं वाटायचं. आणि कायदा, ज्यानं हे सगळं घडवलं, तो कुठं राहतो ते मला माहीत नव्हतं.

दिवाळी झाली. मोठा जनरेटर आला, ब्लोअर त्याच्यावर जोडला, मॅडम पुन्हा येऊन बघून गेल्या आणि कारखाना चालू झाला. मांगूर काढून टाकले होते. टाकी रिकामीच ठेवली. दुपारी लाइट गेली तरी ब्लोअर घरघरत राहायचा, आणि त्या आवाजात मला भाकरी जरा जास्त गोड लागायची.

बायको आणि मुलगी आल्या. पहिल्याच आठवड्यात मावशी मुलीला कडेवर घेऊन खाडीवर गेली. परत आली ती टोपलीत निवट्या घेऊन. बोय नव्हता. मला वाटलं होतं आमचं पाणी साफ झालं की बोय येईल. मी तसं म्हणालो.

"तुमचा एक नाला," मावशी म्हणाली. "वरच्या अंगाला आनखी हायत. दुसरा अर्ज करायचा हाय. तू चल मंडलात माज्यासंगं."

"मला त्यातलं काही कळत नाही, मावशी. खरंच नाही कळत."

"म्हनून तर नेते. ज्यांना कलतो ते आधीच नको सांगतात."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांकडं सुट्टी मागितली. कशाला, विचारलं. खाडीच्या अर्जाला, म्हणालो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेली नोकरी.

"आपल्यावर?"

"नाही साहेब. वरच्या नाल्यावर."

"मग जा," ते म्हणाले. "पण पट्टी बघून जा."

मी प्लँटवर गेलो, पट्टी बुडवली, डबीवरच्या रंगाशी धरली. रंग जुळत होता. तरी आणखी एकदा बुडवून बघितली. फाटकाबाहेर मावशी मुलीला घेऊन उभी होती आणि वॉचमनला सांगत होती की त्याच्या मिशा मांगुरासारख्या दिसतात.